पंधरा किलो हिरव्या गोट्या

कुंडलिकरावांनी वाईन करायला घेतली ती पिण्यासाठी नव्हे, मेहुण्याचं तोंड बंद करण्यासाठी. वाईनच्या इतिहासात इतकं कोरडं कारण दुसरं सापडणार नाही.

झालं असं, की फेब्रुवारीत त्यांचा जुन्नरकडचा मेहुणा गोरख काळ्या द्राक्षांचे दोन क्रेट घेऊन कळंबला आला. द्राक्षं एक्स्पोर्टला जायची होती. पण मण्याची जाडी दोन मिलिमीटरनं कमी भरली, आणि परदेशाचं दार बंद होऊन बहिणीचं उघडलं. एवढ्याचं करायचं काय, असा प्रश्न निघाल्यावर कुंडलिकराव म्हणाले, "वाईन करता येईल. शास्त्र सोपं आहे." ते मंचरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते, आणि शास्त्राचं नाव ते घरच्या माणसासारखं घेत.

गोरखनं चहाची बशी खाली ठेवली. "दाजी, अठ्ठावीस वर्षं झाली तुमी शाळेत बाटल्या धुताय. भरताना कुनी बघितलं न्हाई."

यावर नूतनताई हसल्या. मेहुणा बोलला त्याचं एक वेळ चाललं असतं, पण बायको हसली, आणि तिथून माघारीचा रस्ता बंद झाला.

"भाऊबीजेला ये," कुंडलिकराव उठून उभे राहत म्हणाले. "चोवीस बाटल्या मांडून दाखवतो. पंचविसावी मागू नकोस."

"आन् तेवीस निघाल्या तर?"

"तर जन्मभर बाटल्या धुणारा म्हण."

"ते तर आताबी म्हनतोच की. दुसरं कायतरी लावा."

"तर तुझ्या गावात, पारावर उभा राहून मी स्वतः तसं सांगेन."

एवढं बोलून ते बसले, आणि आपण काय बोललो ते त्यांना बसल्यावर कळलं.

पुढचा महिना रस आंबण्यात गेला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त हातमोज्याचं सांगितलं पाहिजे. गॅस बाहेर जावा आणि हवा आत येऊ नये म्हणून कुंडलिकरावांनी वीस लिटरच्या पाण्याच्या जारला रबरी हातमोजा बसवला आणि एका बोटाला टाचणीनं भोक पाडलं. तिसऱ्या दिवशी मोजा फुगून खिडकीत पाच बोटं वर करून उभा राहिला. शेजारचे सावळेराम, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, चार दिवस येता-जाता त्याला उलट हात करत होते. पाचव्या दिवशी त्यांनी दार वाजवलं. "घरात पावनं हायेत, हात करत्यात, पन बाहेर येत न्हाईत. आजारी हायेत का?"

सावळेरामांना खिडकीतले पाहुणे दाखवावे लागले, आणि वाईनची बातमी आळीत पसरली.

एप्रिलमध्ये रस शांत झाला. कुंडलिकरावांनी तो नळीनं गाळावरून उचलून स्वच्छ जारमध्ये भरला: बरोबर अठरा लिटर, म्हणजे चोवीस बाटल्या. आता करायचं एवढंच होतं, की सहा महिने काहीही करायचं नव्हतं. वाईन अंधारात, थंडाव्यात, न हलवता मुरू द्यायची. ज्या पांढऱ्या दाढीच्या परदेशी म्हाताऱ्याचे व्हिडिओ ते गुरुस्थानी मानत, तो पुन्हा पुन्हा सांगत होता, की हिला हात लावू नका. पण तो म्हातारा डोंगरावर एकटा राहत होता. त्याला शेजार नव्हता.

थंडाव्याची सोय आधी झाली. कळंबमधल्या मेच्या उन्हात घरातली एकमेव थंड जागा म्हणजे झोपायच्या खोलीतल्या कूलरसमोरची. कुंडलिकरावांनी जार तिथे ठेवला नाही. नूतनताईंचा सक्त विरोध होता. मग कुंडलिकरावांनी कूलरच जिन्याखाली, जारसमोर नेला.

"अहो, मी शिक्षिका आहे," नूतनताई वहीनं वारा घेत म्हणाल्या. "माझ्या घरात दारू, आणि ती कूलरमध्ये. मी बाहेर उकडतेय."

"दारू नाही, वाईन आहे. आणि तुला उकडलं तर तू बोलतेस. तिला बोलता येत नाही."

या उत्तरानंतर दोन दिवस घरात कोणालाच बोलता येत नव्हतं.

मग सारजाबाई आल्या. वय पंचाहत्तर, लोणची आणि मुरांबे या विषयात आळीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी जारभोवती एक फेरी मारली, टिचकी वाजवली आणि म्हणाल्या, "ऊन दाखीवलं का हिला?"

"ऊन चालत नाही, मावशी."

"मंग मुरंल कशानं? मुरायच्या वस्तूला ऊन लागतं. आन् तोंडाला फडकं बांध, त्यात मिठाची पुरचुंडी. बघू, चव दे जरा."

आता, आपल्याकडे लोणचं घातलं की शेजारणीला चव द्यायची असते, आणि ती दिली नाही तर लोणच्याला बुरशी येते आणि संबंधांनाही. कुंडलिकरावांनी वाटीत थोडी काढून दिली. सारजाबाईंनी डोळे मिटले. "जरा कच्ची हाय. पुन्यांदा येते आठ दिसांनी."

संध्याकाळी सावळेराम आले. "सारजाबाईला दिली म्हनं चव. आमी काय शेजारी न्हाई का?" त्यांना दिली. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "आज जरा रागावलेली वाटतीय. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी ती रुसलेली निघाली. तिसऱ्या दिवशी सावळेरामांच्या मते तिला करमत नव्हतं. एखाद्या वस्तूची रोज एवढ्या आपुलकीनं चौकशी करणाऱ्या माणसाला नाही म्हणणं कुंडलिकरावांना जमेना. शिवाय समोरच्या घरचे, वरच्या मजल्यावरचे, अवसरीहून बटाटा घेऊन नाशिककडे जाताना सहज डोकावणारे, सगळेच सल्ला द्यायला येत, आणि चाखल्याशिवाय सल्ला कसा देणार, हे त्यांचं म्हणणंही शास्त्राला धरूनच होतं.

या वाटावाटीत एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की जारच्या गळ्याशी असलेली वाईन चार बोटं खाली गेली आहे. वर हवा साठली होती, आणि हवा लागली की वाईनचा शिर्का होतो. त्यांनी घाबरून व्हिडिओ लावला. म्हातारा हसत हसत म्हणाला, की सोपं आहे, काचेच्या गोट्या दहा मिनिटं उकळा आणि आत टाका. गोट्या तळाशी बसतील, वाईन वर येईल, हवेला जागाच राहणार नाही.

कुंडलिकराव भारावून गेले. मंचरच्या बाजारात बदरुद्दीनचं खेळण्यांचं आणि कटलरीचं होलसेल दुकान होतं. दोघांची ओळख जुनी.

"बदरुभाई, एक किलो गोट्या द्या. सगळ्या एकाच रंगाच्या."

"हिरव्या हायेत." बदरुद्दीननं तराजूत ओतल्या. "नातू आला का, कुंडलिकभाऊ?"

"नाही हो. आरतीचं लग्न कुठे झालंय अजून? ती पुण्यात नोकरी करते."

"मग गोट्या?"

"मलाच लागतात."

बदरुद्दीननं मान हलवली आणि पिशवी बांधली. पुढच्या आठवड्यात कुंडलिकराव पुन्हा एक किलो न्यायला आले, त्यानंतर दोन. चौथ्या खेपेला बदरुद्दीननं त्यांना आत बसवलं, चहा मागवला आणि हळू आवाजात म्हणाला, "कुंडलिकभाऊ, बुरा मानू नका. रिटायरमेंट जवळ आली की माणसाला बालपण आठवतं. आमच्या मामूंना पतंग आठवले होते." आणि त्यानं वरून एक भोवरा दिला. "मन रमंल. घरात आमची बिबिजान पण तुमच्यासाठी दुवा मागते."

कुंडलिकरावांना हा अपमान सहन होईना. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. बदरुद्दीन शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, मी गोट्या विकल्या. त्या तुमी खेळता एवढंच मला ठाऊक. तसंच राहू द्या. तुमाला पन बरं, मला पन बरं."

तेव्हापासून मंचरच्या बाजारात त्यांना जरा जास्तच प्रेमानं वागवलं जाऊ लागलं. एकदा तर रस्ता ओलांडताना कोणीतरी त्यांचा हात धरला.

इथे दुसरा कोणी थांबला असता. पण कुंडलिकराव नियमानं चालणारे होते. हे सगळं परवानगीनं व्हावं, म्हणून ते जूनमध्ये एका कचेरीत गेले. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही वाईन करणार आहात?"

"केली आहे."

"ते मी ऐकलं नाही. करणार आहात का?"

"अठरा लिटर करून ठेवली आहे. म्हणजे, आता सोळा."

"मला अजूनही ऐकू आलेलं नाही," साहेब म्हणाले आणि फॉर्म दिला. फॉर्ममध्ये कामगारांची संख्या होती, चिमणीची उंची होती, आणि एक रकाना होता: जवळच्या शाळेपासून अंतर. कुंडलिकरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की शाळा दीड किलोमीटर, परंतु शिक्षिका घरातच. साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या मते हा पदार्थ द्राक्षरस असेल तर विभाग वेगळा, खराब द्राक्षरस असेल तर ग्रामपंचायत. तरी ठरवण्यासाठी नमुना आणावा. कुंडलिकरावांनी पाव लिटर नमुना नेला. आठ दिवसांनी पत्र आलं: नमुना अपुरा. अर्धा लिटर नेला. पुन्हा पत्र: नमुना अपुरा, तथापि समाधानकारक. तिसऱ्यांदा ते गेलेच नाहीत. त्यांच्याकडे एक पोच मात्र होती, शिक्क्यासकट: 'खराब द्राक्षरस, निर्णय प्रलंबित'. ती त्यांनी लॅमिनेट करून जिन्याखाली लावली. आपल्या हातच्या वस्तूला शासनानं खराब म्हणावं याचं त्यांना दुःख होतं, पण लेखी होतं.

पावसाळा असाच गेला. लोक चाखत होते, हिरव्या गोट्या पडत होत्या. सावळेराम जुन्या सवयीनं वहीत नोंदी ठेवत: कोण चढलं, किती वाट्या, कुठे उतरलं. जुलैपासून एक गोष्ट मात्र बरी झाली. नूतनताईंची कटकट थांबली. कूलरबद्दल त्या बोलेनात, उलट शाळेतून आल्यावर जिन्याखाली झाडूनपुसून घेऊ लागल्या. झोपही त्यांना छान लागू लागली. कुंडलिकरावांनी हा आपल्या शास्त्रनिष्ठेचा विजय मानला.

दिवाळीच्या सुट्टीत बाटल्यांचं निघालं. हायवेवरच्या धाब्यांमधून रिकाम्या बाटल्या गोळा करताना त्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी पाहिलं. पाठीवर पोतं, पोत्यात खणखणाट. "शाळेसाठी नाही, सर, घरचंच आहे," असं कुंडलिकराव म्हणाले आणि खुलाशानं परिस्थिती आणखी बिघडवून घरी आले. चोवीस बाटल्या त्यांनी अशा धुतल्या, की अठ्ठावीस वर्षांचा अनुभव प्रत्येक बाटलीतून आरपार दिसत होता. मग त्या कंपाउंडच्या सळयांवर उलट्या टांगून वाळत घातल्या. दुपारपर्यंत नाशिककडे जाणाऱ्या तीन गाड्या थांबल्या. तिसऱ्या गाडीतल्या माणसानं विचारलं, "व्हेजची सोय वेगळी हाय ना?"

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्यांनी जार कसाबसा गच्चीवर नेला. बाटल्या रांगेनं मांडल्या, नळी जारमध्ये सोडली, दुसरं टोक तोंडात न घेता शाळेच्या रबरी फुग्यानं ओढलं. लाल धार आली. एक बाटली भरली, दुसरी भरली, पाचवीला धार थांबली. नळीच्या तोंडाशी गोटी बसली होती. ती हलवली, दुसरी बसली. शेवटी त्यांनी जार उचलून चाळणीवर तिरका केला.

गोट्या चाळणीवर पडल्या, चाळणी पातेल्यावरून निसटली, आणि त्या गच्चीभर पसरल्या. गच्चीवरून जिन्यात गेल्या, जिन्यातून पायरी-पायरीनं, एकदम नाही, चांगली पाच मिनिटं वाजत खाली गेल्या. खालून सारजाबाई ओरडल्या, "गारा पडत्यात गं बाई, वाळवान काढा!"

कुंडलिकराव गुडघ्यांवर बसून गोट्या वेचू लागले. त्यातली एक निळी होती. मग एक दुधी निघाली. एक पिवळी, आत लाल पात असलेली. त्यांनी हात थांबवून गच्चीवर नजर टाकली. जवळजवळ निम्म्या गोट्या हिरव्या नव्हत्या.

नूतनताई आवाज ऐकून वर आल्या होत्या. त्यांनी गच्ची पाहिली, नवऱ्याच्या हातातली दुधी गोटी पाहिली, आणि त्या वरच्या पायरीवर खाली बसल्या.

"मी सगळ्या हिरव्या आणल्या होत्या," कुंडलिकराव म्हणाले. "पंधरा किलो."

"माहीत आहे."

"मग ह्या?"

"चौथीच्या आहेत," नूतनताई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "काही तिसरीच्या."

जुलैपासून त्यांच्या शाळेत 'गोटीमुक्त शाळा' अभियान सुरू होतं. रोज झडती, रोज जप्ती. बाईंच्या तळमळीचं केंद्रप्रमुखांनी भर बैठकीत कौतुक केलं होतं, आणि बाईंनी ते कौतुक खाली मान घालून स्वीकारलं होतं.

"किती?" कुंडलिकरावांनी विचारलं.

"शाळेतून आल्यावर लहान पेलाभर. डोकं उठायचं हो त्या पोरांनी. काढली तेवढ्या गोट्या टाकायचे." मग घाईनं, "उकळून टाकल्या हं. दहा मिनिटं. त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं तशा."

कुंडलिकरावांना काय वाटावं ते ठरेना. चोवीस बाटल्या बुडाल्या होत्या. पण ज्या बाईनं पंचवीस वर्षांत त्यांच्या कुठल्याही प्रयोगाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तिनं यातली एकही पायरी चुकवली नव्हती.

"कशी होती?" त्यांनी विचारलं. कारण पित्ताच्या गोळ्या चालू असल्यामुळे आणि पूर्ण तयार झाल्यावरच चाखायची असं ठरवल्यामुळे, त्यांनी स्वतः अजून एक थेंबही तोंडात घेतला नव्हता.

"जुलैत तुरट होती. गणपतीनंतर सुधारली. आता…" नूतनताईंनी शब्द शोधला, "आता तिच्यात काही खोट काढता येत नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "गोरखला नका ना सांगू. माहेरी कळलं, शाळेत कळलं, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

गाळ काढून झाल्यावर आठ बाटल्या भरल्या.

भाऊबीजेला गोरख सकाळीच आला. पाठोपाठ सावळेराम आणि सारजाबाई आल्या. न्यायनिवाड्याला माणसं लागतात. टेबलावर आठ बाटल्या होत्या, आणि लांबून जास्त वाटाव्यात म्हणून कुंडलिकरावांनी त्या आरशासमोर मांडल्या होत्या.

"आरशातल्या धरून सोळा," गोरख म्हणाला. "बाकीच्या कुठं हायेत दाजी?"

"चाखण्यात गेल्या," कुंडलिकराव म्हणाले.

"नोंद हाय," सावळेरामांनी वही काढली. "आळी, पावनं आन् सरकार मिळून सहा लिटर. एक वाटी इकडं न्हाई, एक वाटी तिकडं न्हाई."

गोरखनं बोटांवर हिशेब मांडला. "आठ बाटल्या म्हंजी सहा लिटर. सहा चाखायला गेली. बारा. गाळ किती?"

"एक."

"तेरा. व्हती अठरा." त्यानं मान वर केली. "पाच लिटर कुटं गेली?"

नूतनताई ओवाळायच्या ताटातली सुपारी उगाच इकडून तिकडे सरकवू लागल्या. कुंडलिकरावांच्या ओठांवर एक वाक्य तयार होतं. तुझ्याच बहिणीला विचार. तीन शब्दांत मेहुण्याचं तोंड कायमचं बंद झालं असतं, आणि फेब्रुवारीपासूनची सगळी मेहनत त्याच एका गोष्टीसाठी होती.

"मी प्यायलो," कुंडलिकराव म्हणाले.

गोरख पुढे झुकला. "पाच लिटर?"

"पाच लिटर."

"एकट्यानं? आन् रोज शाळेत जात व्हता? बाटल्या धूत व्हता? कधी काच फुटली न्हाई?"

"एकही नाही," कुंडलिकराव म्हणाले. हे मात्र खरं होतं.

गोरख खुर्चीतून उठला. लग्नापासून आजवर तो दाजींसाठी कधी उठला नव्हता. "बसा दाजी," तो खुर्ची पुढे सरकवत म्हणाला. "आमच्याकडं एवढं पिऊन सरळ चालनारा मानूस न्हाई. मी तुमाला लई हलकं समजत व्हतो. पार-बिर काय नको आता, माफी करा."

"मला तर वाटलंच व्हतं," सारजाबाई म्हणाल्या. "नुसतं बाजारातनं गोट्या आनायचा. शुद्धीतला मानूस आनंल का?"

कुंडलिकराव खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे लोक आदरानं पाहत होते, आणि तो आदर परत कसा करायचा हे त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात नूतनताईंनी भावाला ओवाळलं. गोरखनं खिशात हात घातला, तसा त्यांनी तो धरला. "पैसे नकोत. दुसरं मागते." वर्गात फळ्यासमोर उभं राहून बोलावं तसा त्यांचा आवाज स्वच्छ झाला होता. त्यांनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात क्षमाही होती आणि व्यवस्थाही. "ह्यांच्याकडून वचन घे. आजपासून बंद."

गोरखनं दाजींचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. सावळेरामांनी टोपी काढली. कुंडलिकरावांनी बायकोकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हसण्याचं होतं की कशाचं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी वचन दिलं. मग मोह नको म्हणून गोरखनं आठही बाटल्या क्रेटमध्ये भरल्या आणि गाडीत टाकून जुन्नरला घेऊन गेला. गाडी हायवेला लागेपर्यंत नूतनताई फाटकात उभ्या राहून क्रेटकडे बघत होत्या.

अशा रीतीनं कुंडलिकरावांनी, त्या दिवसापर्यंत एक थेंबही न घेता, चार साक्षीदारांसमोर कायमची सोडली. दुपारपर्यंत अभिनंदनाला सगळी आळी येऊन गेली.